कोतवाल पेशी आणि दोन एकर वावर

(गावातल्या वाचनालयात झालेलं व्याख्यान, रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडी काटछाट केलेलं.)

नमस्कार मंडळी. समोर सतरंजीवर अजून जागा आहे, बायाबापड्यांनी दारात उभं राहू नका, पुढं या. आणि पोट्टेहो, पंख्याखालची ती लाइन सोडा, बुढ्या माणसाइले बसू द्या तिथं. हां, आता कसं.

बाहेर फ्लेक्सवर 'कॅन्सर आणि आपली प्रतिकारशक्ती' असं लिहिलंय, पण खरं सांगू का, मला बोलायचंय ते एकाच पेशीबद्दल. डेंड्रिटिक सेल. कॉलेजात शिकवत होतो तेव्हा सिलॅबसमधे तिला एक ओळ होती, मी त्या एका ओळीवर दोन-दोन तास घ्यायचो आणि मागच्या बाकावर बसलेले माझे दोन विद्यार्थी इथं आजही मागंच बसलेत. (हशा) तर आज तीन गोष्टी सांगायचं कबूल केलंय. ही पेशी करते काय, तिच्यापासून कॅन्सरची लस कशी बनवतात नि ती कितपत चालते, आणि तिसरं म्हणजे आपल्यासारख्या यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यातल्या माणसाला यातलं आज काय मिळू शकतं. नऊला खंजिरी भजन बसणार आहे, मंडळी आताच येऊन मागं टेकलीत, म्हणजे वेळेचं पक्कं आहे.

आधी एक काम करा. सगळ्यांनी डाव्या दंडावरची बाही वर करा. वहिनी, तुम्ही पण पाहा. तो गोल वण दिसतो ना, तो बीसीजीचा. क्षयाची लस. माणसाला पहिल्यांदा दिली १९२१ साली, फ्रान्समधे. आता गंमत अशी की हीच बीसीजी मूत्राशयाच्या कॅन्सरवर वापरतात, लघवीच्या पिशवीत नळीनं सोडतात, कॅनडातल्या मोरालेस नावाच्या डॉक्टरनं १९७६ साली ते छापलं आणि आजही सुरुवातीच्या टप्प्यातल्या, आतल्या अस्तरापुरत्या कॅन्सरला ती देतात. क्षयाचे ते कमजोर केलेले जंतू काही कॅन्सर खात नाहीत. ते तिथं गेले की शरीराची स्वतःची यंत्रणा खडबडून जागी होते आणि त्या धामधुमीत कॅन्सरच्या पेशीही सापडतात. म्हणजे इम्युनोथेरपी इम्युनोथेरपी म्हणून, शरीराच्याच फौजेला कॅन्सरवर उठवायचं, जे चाललंय ते कुठलं आभाळातून पडलेलं नाही, तिचं एक औषध तुमच्या दंडावर लहानपणापासून आहे.

त्याच्याही आधीचं सांगतो, न्यूयॉर्कला विल्यम कोली नावाचा सर्जन होता. हाडाच्या कॅन्सरची एक तरुण पोरगी त्याच्या हातात गेली, ते त्याच्या मनाला लागलं, म्हणून तो जुने रेकॉर्ड चाळत बसला. त्यात त्याला एक रोगी सापडला, मानेवरची गाठ पुन्हा-पुन्हा यायची, आणि मग त्याला कातडीचा जबर संसर्ग झाला, तापानं फणफणला, आणि ताप उतरला तसी गाठही गेली. कोलीनं तो माणूस शोधून काढला, चांगला जिवंत. मग १८९१ पासून त्यानं मुद्दाम रोग्यांना जंतू टोचायला सुरुवात केली. काही बरे झाले, काही त्या संसर्गानंच गेले. कोणाला लागू पडतं, कोणाला नाही, का नाही, हे त्याला सांगता येईना, पुढं रेडिएशन आलं आणि कोली मागं पडला. त्याला सांगता येणारही नव्हतं, कारण जंतू आणि ती मारणारी फौज यांच्यामधे जो निरोप जातो तो नेणारी पेशीच तेव्हा कोणाला माहीत नव्हती.

ती ही आपली. आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे.

आपल्या गावात कोतवाल असतो. त्याच्या हातात बंदूक नाही, तो कोणाला पकडत नाही, मारत नाही, पण गावात कुठं काय झालं ते त्याला आधी कळतं, आणि तो ते वर पोचवतो. वर निरोपच गेला नाही तर मग ठाण्यात कितीही शिपाई असू द्या, जागचे हलत नाहीत. डेंड्रिटिक सेल ही शरीरातली कोतवाल. कातडीत, तोंडाच्या आतल्या अस्तरात, फुफ्फुसात, आतड्यात, जिथं-जिथं बाहेरच्या जगाशी गाठ पडते तिथं ही बसलेली असते, चारी बाजूंनी हात पसरून. जे सापडेल ते गिळते, जंतू असो, मेलेली पेशी असो. आत त्याचे बारीक तुकडे करते आणि एकेक तुकडा आपल्या अंगावर एमएचसी नावाच्या खुंटीवर टांगते. आणि मग चालायला लागते, लसिकेच्या नळीतून जवळच्या गाठीपर्यंत. बोटात काटा मोडला की काखेत गाठ येते ना, तिथं. त्या गाठीत टी-सेल असतात, हे शिपाई. प्रत्येक टी-सेल एकाच तुकड्याची ओळख ठेवून जन्मलेली असते आणि तिला तो तुकडा कोणीतरी समोर धरून दाखवावा लागतो.

पण नुसता तुकडा दाखवून भागत नाही. कोतवालानं सोबत हेही सांगावं लागतं की मामला गंभीर आहे. पेशीच्या भाषेत ही दुसरी खूण, बी-सेव्हन नावाचा रेणू अंगावर चढवलेला असतो. धोका दिसला, जंतू दिसला, आसपास पेशी फुटताना दिसल्या, तरच ती तो चढवते, आपण म्हणतो पेशी मॅच्युअर झाली. दोन्ही खुणा मिळाल्या की टी-सेल एकीच्या हजारो होतात आणि शोधायला निघतात. आणि तुकडा दाखवला पण दुसरी खूण नाही, तर टी-सेल उलटी गप्प होते, हे आपलंच दिसतं, सोडा. आपल्याच शरीरावर आपली फौज तुटून पडू नये म्हणून ही सोय आहे, आणि चांगली सोय आहे. कॅन्सर नेमका हिचाच फायदा घेतो. गाठ अशी काही रसायनं सोडते, आयएल-टेन म्हणा, व्हीईजीएफ म्हणा, टीजीएफ-बीटा म्हणा, की आसपासची डेंड्रिटिक सेल मॅच्युअरच होत नाही. कोतवाल गेला तरी तो सांगतो, सगळं ठीक आहे. म्हणून कॅन्सर माणसाच्या अंगात वाढत राहतो, ताप नाही, सूज नाही, दुखणं नाही, आणि आपण म्हणतो काहीच तर होत नव्हतं हो.

ही पेशी पहिल्यांदा पाहिली ती एका विद्यार्थ्यानं. पॉल लँगरहान्स, बर्लिन, १८६८. वय २१. कातडीचा तुकडा सोन्याच्या क्षारानं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, हातवाली पेशी दिसली, त्याला वाटलं मज्जातंतूची आहे. शंभर वर्षांहून जास्त काळ ती तशीच पडून राहिली. या लँगरहान्स पेशी तुमच्या गालाच्या आतल्या अस्तरातही आहेत. आणि त्याच अस्तरावर आपण काय ठेवतो? पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू, वरून चुना, पाण्याचे दोन थेंब, आणि पन्नी लाकडावर ठेवून असं घासत राहायचं, तो आवाज आपल्या तालुक्यात सकाळी सातपासून सुरू होतो. घोटलेला खर्रा गालात धरला की चुना अस्तर सोलतो, तंबाखू आणि सुपारी आत मुरतात. आणि कोणी म्हणेल सर, मी तर तंबाखूवाला खात नाही, साधी सुपारी खातो, तर सुपारी एकटीच कॅन्सर करते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ मधे तिला सगळ्यात वरच्या गटात टाकलंय. ज्याच्या गालात आत्ता खर्रा आहे त्यानं हात वर करायची गरज नाही, मला इथून गाल दिसतो. (हशा) बरं, सगळे तोंड उघडा. तीन बोटं उभी आत घालून पाहा. मावतात? ज्याची दोनच मावतात त्यानं आज हसून सोडून देऊ नये, भाऊ. ते सुपारीनं आतलं कातडं आखडणं आहे, तिथून पुढं कॅन्सरपर्यंत वाट जाते. भारतातल्या पुरुषांमधे तोंडाचा कॅन्सर सगळ्यात जास्त आहे आणि आपल्या भागात कोणत्याही घरी विचारा, भावकीत एक तरी निघतो.

आता मला ज्या माणसाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही तो माणूस. राल्फ स्टाइनमन.

जन्म १९४३, मॉन्ट्रियल, कॅनडा. डॉक्टर झाला, पण दवाखाना नाही टाकला, १९७० मधे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत झॅनविल कोन यांच्या लॅबमधे गेला. काम काय, तर उंदराच्या पानथरीतल्या, म्हणजे स्प्लीनमधल्या, पेशी काचेवर घेऊन पाहायच्या. पाहता-पाहता त्याला काही पेशी वेगळ्या दिसल्या. हात बाहेर काढतात, आत घेतात, पुन्हा काढतात. पानथरीत शंभरात जेमतेम एखादी. काचेला चिकटतात आणि काही तासांनी आपोआप सुटतात, त्यामुळे दुसरा कोणी पाहायला जावा तर त्याच्या हाती लागायच्याच नाहीत. १९७३ मधे दोघांनी पेपर छापला, नाव देऊन टाकलं. लोक म्हणाले हे काही नवीन नाही, मॅक्रोफेजच, म्हणजे जंतू गिळणारी नेहमीची पेशीच, असेल जरा वेगळी. हा माणूस हटला नाही. १९७८ मधे दाखवलं की टी-सेलला उठवण्यात ही पेशी इतरांपेक्षा निदान शंभर पटीनं जोरदार आहे. तरी पुष्कळांना पटलं नाही, कारण मूठभर पेशी मिळवायलाच इतका खटाटोप की दुसऱ्या लॅबला ते जमेना. जपानच्या कायो इनाबा त्याच्यासोबत काम करत होत्या, त्यांनी मिळून १९९२ मधे या पेशी भांड्यात हव्या तितक्या वाढवायची रीत काढली, जीएम-सीएसएफ नावाचं वाढीचं द्रव्य घालून. तेव्हा कुठं सगळ्या जगानं हात घातला. म्हणजे पहा, वीस वर्षं. वीस वर्षं माणूस एका पेशीपाशी बसून आहे आणि लोक म्हणतायत ती नाहीच. मला हे इतकं मोठं वाटतं की मी वर्गात हे सांगताना पोरं घंटा वाजायची वाट पाहत आहेत हे मला दिसत असूनही थांबायचो नाही.

२००७ मधे त्याला स्वतःला कॅन्सर निघाला. स्वादुपिंडाचा, पसरलेला. त्यात बहुतेक रोगी वर्षही काढत नाहीत. ऑपरेशन झालं, काढलेली गाठ जपून ठेवली, जगभरातल्या सहकाऱ्यांनी तिच्यावर काम केलं, आणि त्याच्या रक्तातल्या पेशींपासून डेंड्रिटिक सेल वाढवून त्यांना त्याच्याच कॅन्सरची ओळख देऊन त्या त्याला टोचल्या. केमो होतीच, बाकीही प्रयोग होते. साडेचार वर्षं तो जगला आणि शेवटपर्यंत लॅबमधे जात होता. ३० सप्टेंबर २०११, शुक्रवार, त्या दिवशी गेला. घरच्यांनी अजून बाहेर सांगितलं नव्हतं. सोमवारी, ३ ऑक्टोबरला, स्टॉकहोममधे वैद्यकाचं नोबेल जाहीर झालं, अर्धं राल्फ स्टाइनमन, उरलेलं अर्धं बॉयटलर आणि हॉफमन यांच्यात. मेलेल्या माणसाला नोबेल देत नाहीत, नियम आहे. कमिटीला माहीतच नव्हतं तो गेलाय. मग त्यांनी बसून ठरवलं की आम्ही जिवंत समजूनच दिलं होतं, तर ते राहील. राहिलं. (टाळ्या)

हां, टाळ्या बरोबर आहेत, पण इथंच एक गोष्ट पक्की करून घ्या. लसीमुळं तो साडेचार वर्षं जगला का? सांगता येत नाही. एक माणूस, एकाच वेळी ऑपरेशन, केमो आणि कितीतरी प्रयोग, त्यात कशानं काय झालं हे कोणी वेगळं काढू शकत नाही. आणि हे त्या माणसाइतकं चांगलं कोणालाच माहीत नव्हतं, आयुष्यभर तो पुरावा मागणाऱ्यांना पुरावाच देत आला होता.

हे मी एवढ्यासाठी सांगतो की याच माणसाचं नाव आणि नोबेलच्या पदकाचा फोटो मी एका फाइलीच्या पहिल्या पानावर पाहिलाय.

आपल्याच भागातला कास्तकार. गाव सांगत नाही. जबड्याचा कॅन्सर, नागपूरला ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, वर्षाच्या आत मानेत परत आला. सरकारी डॉक्टरनं खरं ते सांगितलं, आता गाठ काढण्यासारखी नाही, गोळ्या देऊ, दुखणं कमी ठेवू. घरच्यांना हे 'काही करत नाहीत' असं वाटलं, आणि वाटणारच हो, बाप डोळ्यासमोर वाळतोय. मग कोणाच्या तरी जावयानं एक नंबर आणला, नंबरवरून एक माणूस घरी आला, गाडी घेऊन, लॅपटॉप घेऊन, आणि अंगणात खाटेवर बसून त्यानं डेंड्रिटिक सेल समजावून सांगितली. आत्ता मी जे सांगितलं ना, अगदी तेच. तुमच्याच रक्तातून काढतो, तुमच्याच पेशी शिकवतो, नोबेल मिळालंय. शब्दन्शब्द खरा. आणि सहा डोसचे काही लाख. पऱ्हाटीची वेचणी चालू होती तेव्हा नाल्याकडचं दोन एकर ओलिताचं वावर, विहिरीसकट, त्यांनी विकलं.

त्याचा पोरगा माझा विद्यार्थी. फाइल घेऊन घरी आला. "सर, हे वाचून सांगा ना जरा. बाबाले त्याईनं देलं तर आहे, पण का देलं ते आमाले समजून नाही रायलं."

मी ती फाइल दोन्ही बाजूंनी वाचली. कागद जाड, गुळगुळीत. पदक, परदेशी मशीनचे फोटो, यशाचे टक्के. कोणत्या रोग्यांवर, किती जणांवर, कुठं छापून आलं, एक अक्षर नाही. प्रत्येक डोसचा एक रिपोर्ट. नाव, वय, 'डेंड्रिटिक सेल व्हॅक्सिन, १ मिली', शिक्का, सही. बस. बाटलीत पेशी किती होत्या, लिहिलेलं नाही. त्यातल्या जिवंत किती, नाही. त्या मॅच्युअर होत्या का, नाही. जंतूविरहित असल्याची तपासणी, नाही. आणि सगळ्यात मोठं, त्या पेशींना कॅन्सरचा कोणता तुकडा दिला, तेच नाही. ऑपरेशनमधे काढलेल्या गाठीचा मेणातला ब्लॉक नागपूरच्या पॅथॉलॉजीत पडून होता, तो यांनी मागितलाच नव्हता. मग कोतवालाच्या हातात दिलं काय? मी फोन लावला. पलीकडची पोरगी फार नम्र, म्हणाली सर, ती आमची स्वतःची टेक्नॉलॉजी आहे, सांगता येत नाही. मी म्हटलं बाळा, टेक्नॉलॉजी नको सांगू, पेशी किती होत्या तेवढा आकडा सांग. तर म्हणे डॉक्टर कॉल बॅक करतील. आला नाही फोन.

संमतीपत्र इंग्रजीत होतं. खाली बापाचा अंगठा. त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं, परिणामाची हमी नाही, पैसे परत नाहीत. पाचवा डोस व्हायच्या आधी तो माणूस गेला. तेरवीला मी गेलो तर त्यांच्या घरच्या बाई मला म्हणाल्या, "सर, ते औषध खोटं होतं का? खरं सांगजा." आणि मला ते खोटं होतं असंही म्हणता येईना, कारण त्या बाटलीत काय होतं हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. खोटं असतं तर खोटं म्हणालो असतो. चाळीस वर्षांचं एका माणसाचं प्रामाणिक काम, आणि त्याच्या नावावर बिनहिशोबाची एक बाटली, मला हे सहन होत नाही, मंडळी. माझा जीव त्या विज्ञानात आहे म्हणून जास्तच सहन होत नाही.

(संयोजक चिठ्ठी देतात.) दहा मिनिटं. बरं. भजनवाले भाऊ, थोडं सांभाळून घ्या, मुख्य राहिलंय.

तर लस कशी बनते, भरभर सांगतो. रोग्याचं रक्त मशीनमधून फिरवून पांढऱ्या पेशी बाजूला काढतात, त्यातल्या मोनोसाइट घेतात, जीएम-सीएसएफ आणि आयएल-फोर घालून पाच-सात दिवस वाढवल्या की त्या डेंड्रिटिक होतात, १९९४ मधे ही माणसाच्या पेशींची रीत आली. मग त्यांना कॅन्सरचा तुकडा देतात, गाठीचा अर्क किंवा प्रथिनाचा तुकडा किंवा आरएनए, मॅच्युअर करतात आणि परत टोचतात. अमेरिकेत या वाटेनं मंजूर झालेली लस म्हणजे प्रोव्हेंज, प्रोस्टेटच्या पसरलेल्या कॅन्सरवर, एप्रिल २०१०. ५१२ रोग्यांवर पाहिलं, लस घेणारे मध्यमानानं २५.८ महिने जगले, न घेणारे २१.७. म्हणजे चार महिने जास्त. किंमत तेव्हा तीन डोसची ९३ हजार डॉलर होती. हा झाला खरा, तपासलेला आकडा. इतकी मोठी ट्रायल करून, चार महिने, तेही एका कॅन्सरमधे. खाटेवर बसून कोणी तुम्हाला याच्यापेक्षा जास्त कबूल करत असेल तर तो कुठून कबूल करतो ते विचारा.

इतकं कमी का? कारण गाठ गप्प करत राहते. कोतवाल बाहेरून शिकवून पाठवला, शिपाई निघाले, पण गाठीपाशी पोचल्यावर शिपायांच्या अंगावरचा ब्रेक दाबला जातो. हे ब्रेक शोधणाऱ्या अ‍ॅलिसन आणि होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. ब्रेक सोडवणारी औषधं म्हणजे चेकपॉइंट इन्हिबिटर, निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब. आणि इथं आपल्या कामाचं येतं, नीट ऐका. निवोलुमॅबचा पूर्ण डोस आपल्या माणसाच्या आवाक्यातला नाही. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी, पाटील, प्रभाश आणि मंडळींनी, फक्त २० मिलीग्रॅम दर तीन आठवड्यांनी देऊन पाहिलं, नेहमीच्या डोसच्या दहा टक्क्यांहूनही कमी. डोक्या-मानेचा कॅन्सर, म्हणजे आपला खर्ऱ्याचाच, हाताबाहेर गेलेला. सोबत घरी घ्यायच्या गोळ्या, मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिब. १५१ रोगी. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर जिवंत १६.३ टक्के, गोळ्या अधिक निवोलुमॅब ४३.४ टक्के. २०२२ मधे छापून आलंय, सगळ्या जगानं वाचलंय. बरा होतो असं नाही म्हणत मी, शंभरातल्या त्रेचाळीस जणांना वर्ष मिळतं म्हणतो. त्या कास्तकाराच्या घरी खाटेवर बसून हे सांगणारा कोणी आला नाही, कारण यात कमिशन नाही.

सीएआर-टी राहिलं. टी-सेलच बाहेर काढून तिला नवा ओळखीचा हात बसवतात, आयआयटी मुंबई आणि टाटानं मिळून केलेली नेक्सकार-१९, परवानगी २०२३ मधे. ती रक्ताच्या ठरावीक कॅन्सरवर, बी-सेल नावाच्या पांढऱ्या पेशींच्या, तोंडाच्या कॅन्सरवर नाही, हे लक्षात ठेवा, कारण आता हे नाव घेऊनही लोक येतील.

पाच मिनिटं? देतो, देतो.

कोणी पेशींचा उपचार सुचवला तर विचारायचं काय. पहिलं, ही ट्रायल आहे की उपचार? ट्रायल असेल तर तिचा सीटीआरआय, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, नंबर असतो, २००९ पासून देशात ती नोंद सक्तीची आहे, नंबर द्या म्हणा, मोबाइलवर कोणताही पोरगा उघडून दाखवेल, आणि ट्रायलमधल्या प्रयोगाच्या औषधाचे पैसे रोग्याकडून घेत नाहीत. उपचार आहे म्हणत असतील तर औषध नियंत्रकांची परवानगी कोणत्या कॅन्सरसाठी आहे तो कागद दाखवा, तुमचाच कॅन्सर त्यावर लिहिलेला आहे का पाहा. मग बाटलीत पेशी किती, जिवंत किती, तुकडा कोणता, हे प्रत्येक डोसच्या कागदावर लिहून द्या. संमतीपत्र मराठीत द्या. यातलं एकही द्यायला कोणी कां-कू करत असेल तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

आणि ऑपरेशन, केमो, रेडिएशनला महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. दवाखान्यात गेलं की आधी आरोग्यमित्राचं टेबल शोधायचं, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवायचं. सेवाग्रामला जा, नागपूरला जा, आणि तिथल्या डॉक्टरला थेट विचारा, साहेब, कमी डोसचं निवोलुमॅब आमच्या माणसाला चालेल का. विचारायला लाजू नका, नाही म्हणाले तर का नाही तेही विचारा. तोंडात पांढरा चट्टा आहे, लाल चट्टा आहे, तीन आठवडे झाले तरी न भरणारा छाला आहे, तर या आठवड्यातच दाखवा. त्या टप्प्यावर छोट्या ऑपरेशननं माणूस बहुतेक वेळा बरा होतो, तिथं ना माझी डेंड्रिटिक सेल लागत, ना निवोलुमॅब.

ज्यांच्या घरी अशी जाड गुळगुळीत फाइल आलेली आहे त्यांनी ती उद्या सकाळी इथंच वाचनालयात घेऊन या, मी दहा वाजल्यापासून बसतो, आपण मिळून वाचू. आणि वावराचा सौदा ठरला असेल तर इसार घ्यायच्या आधी या. चला, खंजिरीवाले, या पुढं.